न्यायालयासमोरील टंकलेखनाचे दुकान : कौटुंबिक प्रकरणे चालवणाऱ्या एका कनिष्ठ वकिलाचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयासमोर, कडुनिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या टंकलेखन व झेरॉक्सच्या दुकानाबद्दल हा अभिप्राय आहे. दुकानाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या बायकांच्या कागदांबद्दल पुढे बोलायचे आहे त्या याच पंचक्रोशीतल्या आहेत, आणि लहान गावात दुकान ओळखले की माणूस ओळखायला वेळ लागत नाही. त्यांच्या हकिकतींतील ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत. मला वकिलीची सनद मिळून दीड वर्ष झाले आहे. माझे सिनियर प्रामुख्याने खावटी म्हणजे पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, मुलांचा ताबा आणि फारकत यांची प्रकरणे चालवतात, त्यामुळे या दुकानाच्या लाकडी बाकावर मी दोन-तीन तास बसले नाही असा आठवडा या काळात क्वचितच गेला असेल.

दुकानात दोन संगणक, एक प्रिंटर, एक जुने झेरॉक्स यंत्र आणि कागदाच्या रिमा ठेवायला लोखंडी रॅक एवढाच पसारा आहे. दुकान चालवणारे काका पूर्वी याच आवारात टाइपरायटर घेऊन अर्जनवीस म्हणून बसत असत. आता ते स्वतः मराठी टंकलेखन करतात आणि त्यांचा पुतण्या झेरॉक्स, स्कॅनिंग व कागद शिवण्याचे काम पाहतो. मराठी टंकलेखनाचा दर पानाला तीस रुपये आणि झेरॉक्सचा दोन रुपये आहे. हे दर आसपासच्या दुकानांपेक्षा कमी नाहीत, आणि घाईचे काम असले तरी त्यांत वाढही होत नाही. वकालतनामा, दस्तऐवजांची यादी, पत्त्याचा अर्ज, मुदतीचा अर्ज यांसारखे नेहमीचे कागद दहा मिनिटांत हातात पडतात, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते काकांचे वाचन. कोणताही अर्ज किंवा शपथपत्र टंकित झाले की ते छापण्याआधी काका पक्षकाराला समोर बसवतात आणि पडद्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या सत्यापनापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतात. हे काम खरे तर वकिलाचे आहे. परंतु पेशीच्या दिवशी सकाळी साडेदहाला अर्ज छापून घ्यायचा, अकराच्या आत पक्षकाराची सही अथवा अंगठा घ्यायचा आणि धावत न्यायालयात शिरायचे, ही आमच्याकडची रीत झाल्यामुळे आपण कशावर सही केली हे अनेक पक्षकारांना उलटतपासणीच्या दिवशीच कळते. काका मात्र वाचल्याशिवाय छापत नाहीत, मग वकील कितीही घाई करोत.

माझ्या चौथ्या की पाचव्या महिन्यातील गोष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली करावयाच्या अर्जाचा मसुदा मी सिनियरांच्या एका जुन्या प्रकरणावरून उतरवून आणला होता. 'लग्नानंतर काही दिवस गैरअर्जदाराने अर्जदारास चांगले वागविले व त्यानंतर दारूच्या नशेत मारझोड करून तिचा शारीरिक व मानसिक छळ सुरू केला,' हे वाक्य आमच्या भागातील शेकडो अर्जांत जसेच्या तसे सापडेल, आणि ते माझ्याही मसुद्यात होते. काका वाचू लागले. वाचण्यापूर्वी ते प्रत्येकाला सांगतात तसे त्यांनी त्या बाईंनाही सांगितले, "ताई, आता जे वाचतो ते तुमच्या तोंडचं म्हणून साहेबापुढे जाणार आहे. जे झालं नाही ते कानावर आलं, तर मले तिथंच थांबवा." त्या ओळीपाशी बाईंनी खरोखरच हात वर केला. "मारलं नाही जी त्यानं. हात नाही लावला कधी. पीठ, तेल, मीठ सारं पेटीत ठेवे अन् कुलूप लावे. सासू वाटीनं मोजून दे, मंगच सयपाक होये. मायेरून पैसे आणले तर तेबी पेटीत."

मी त्या बाईंशी आमच्या चेंबरमध्ये दोनदा बोलले होते आणि पेटीचा विषय दोन्ही वेळा निघाला नव्हता, कारण मी विचारलेले प्रश्न मारहाणीचे आणि दारूचे होते. कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाची स्वतंत्र व्याख्या आहे आणि घरखर्चाच्या गरजेच्या वस्तूंपासून वंचित ठेवणे तिच्यात स्पष्टपणे येते. म्हणजे त्या बाईंची खरी हकिकत कायद्यात पूर्ण बसत होती आणि मी मात्र तिच्या जागी दुसऱ्याच कोणाची हकिकत लिहून आणली होती. ती तशीच दाखल झाली असती, तर उलटतपासणीत 'नवऱ्याने तुम्हाला कधी मारले?' या साध्या प्रश्नावर त्या खरे बोलल्या असत्या आणि संपूर्ण शपथपत्र खोटे ठरले असते. आम्ही तिथेच बसून ते परिच्छेद नव्याने लिहिले. पेटी कोणत्या खोलीत होती, किल्ली कोणाच्या कमरेला असे, वाटी कोणत्या मापाची होती, हे काकांनी एकेक विचारले आणि मी सांगितल्याप्रमाणे टंकित केले. त्या दिवसापासून मसुदा करण्यापूर्वी मी पक्षकाराला पहिला प्रश्न 'घरात सकाळी उठल्यापासून काय काय होत असे?' असा विचारते.

टंकलेखनाच्या दुकानाला मी एवढे महत्त्व का देते, हे आमच्या शिक्षणाची स्थिती पाहिल्याशिवाय समजणार नाही. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याला साधारण बारा महिने एका अनुभवी बॅरिस्टरच्या देखरेखीखाली उमेदवारी करावी लागते. पहिले सहा महिने त्याने सोबत राहून पाहायचे, मसुदे लिहून तपासून घ्यायचे आणि पुढच्या सहा महिन्यांत देखरेखीखाली स्वतःची प्रकरणे उभी करायची, अशी तिथली पद्धत आहे. कौटुंबिक कायद्याकडे वळलेल्या उमेदवाराला या काळात मुलांच्या ताब्याची, पैशाच्या वाटणीची आणि घरगुती छळाची प्रकरणे जवळून पाहायला मिळतात. बॅरिस्टर हा शब्द आमच्या भागाला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले होते आणि चंद्रपूरचे रिपब्लिकन नेते राजाभाऊ खोब्रागडे यांचे नाव म्हातारी माणसे आजही 'बॅरिस्टर' हे बिरूद लावल्याशिवाय घेत नाहीत. परंतु १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानंतर आपल्याकडे सर्व वकिलांचा एकच वर्ग झाला. सनदेपूर्वी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची करणारा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द ठरवला. आज पदवी, सनद आणि अखिल भारतीय वकील परीक्षा एवढ्यावर मनुष्य न्यायाधीशांसमोर उभा राहू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे, आणि माझ्या ओळखीच्या कनिष्ठांपैकी कोणालाही तेवढी रक्कम मिळत नाही. अशा परिस्थितीत कोणी शांतपणे शेजारी बसवून 'हे वाक्य या बाईचे नाही' असे दाखवून देत असेल, तर त्याच्याकडून घेतलेले ते शिक्षणच होय, आणि मी ते कृतज्ञतेने घेतले आहे.

दुकानाची दुसरी मोठी जमेची बाजू शेतकरी कुटुंबांशी संबंधित आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानंतर खावटीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र दाखल करणे आवश्यक झाले. निकालासोबत त्याचे नमुने जोडलेले आहेत. एक नमुना नोकरदार व व्यावसायिक माणसांसाठी आहे, आणि दुसरा खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी. दुर्दैवाने आमच्याकडे पहिलाच नमुना सगळीकडे फिरतो. मग कोरडवाहू पाच एकर असलेल्या माणसाकडून वेतनाची पावती आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र मागितले जाते, तो प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहितो आणि त्याचे उत्पन्न कागदावर शून्य दिसते. शेतीच्या नमुन्यात मात्र जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, कोणती पिके घेतली, मागील तीन वर्षांत उत्पन्न किती झाले, जमीन बटईने घेतली आहे काय, गाई, म्हशी, शेळ्या किती, जमिनीवर कर्ज किती, असे आमच्या जीवनाचे प्रश्न आहेत. काकांनी हा नमुना मराठीत आणून संगणकात ठेवला आहे. पक्षकार कास्तकार आहे असे दिसले की ते वकिलाला विचारून तोच नमुना काढतात.

त्याहून उपयोगाची आहे ती कागदांची यादी, जी त्यांनी हाताने लिहून रॅकवर चिकटवली आहे : सातबारा, आठ-अ, पिकांची नोंद, कापूस विकल्याच्या जिनिंगच्या पावत्या, पीक कर्जाचा खातेउतारा, पीक विम्याची पावती. माहेरी आलेल्या बाईला नवऱ्याच्या शेताचा गट क्रमांक ठाऊक नसतो, पण शेत कोणत्या नाल्याला लागून आहे आणि शेजारचा धुरा म्हणजे बांध कोणाचा आहे हे तिला नेमके सांगता येते. काका तेवढ्यावरून गावाचे नाव आणि खातेदाराचे नाव घालून सातबारा शोधून देतात. एका प्रकरणात 'मी मजुरी करतो' असे शपथेवर सांगणाऱ्या गैरअर्जदाराच्या नावे सात एकर जमीन आणि तिच्यावर उचललेले पीक कर्ज असे दोन्ही त्याच दुपारी कागदावर आले. अंतरिम खावटीच्या अर्जावर साहेबांनी प्रश्न विचारले तेव्हा उत्तर द्यायला माझ्याजवळ काहीतरी होते, आणि न्यायालयात उभे राहून प्रथमच माझा आवाज कापला नाही.

प्रामाणिकपणाबद्दलही लिहिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९९४ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार खावटी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक संबंधातून उद्भवलेले मालमत्तेचे वाद यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. ही गोष्ट किती बायकांना माहीत असते? दुसऱ्या एका ठिकाणी अशाच अर्जावर लावायला म्हणून तिकिटांचे पैसे घेतल्याचे मी स्वतः पाहिले आहे. काका तिकिटे मागणाऱ्या बाईला 'तुमाले लागत नाही' असे सांगून परत पाठवतात. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, हेही त्यांनी दुकानाच्या खांबावर रंगवून घेतले आहे. वकिलांच्या जोरावर चालणाऱ्या दुकानाने हे रंगवून ठेवणे सोपे नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी या दुकानाला पूर्ण गुण देऊ शकत नाही, तिच्याकडे येते.

काकांचे वाचन हा या दुकानाचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि ते वाचन उघड्यावर होते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. शेडला तीन बाजू आहेत, चौथी रस्त्याकडे उघडी. बाकावर एकाच वेळी पीक विम्याचा अर्ज भरायला आलेला शेतकरी, शिष्यवृत्तीच्या कागदांची झेरॉक्स काढायला आलेली मुले आणि नवऱ्याने रात्री काय केले हे ज्या बाईचे वाचले जात आहे ती बाई, असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने वैवाहिक प्रकरणे बंद दाराआड चालवण्याचा दंडक घातला आहे आणि त्यांतील मजकूर छापून प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही कलम १६ खाली दंडाधिकारी बंद दाराआड सुनावणी घेऊ शकतात. न्यायाधीशांसमोर ज्या गोष्टी दार लावून ऐकल्या जाव्यात असे कायद्याला वाटते, त्या न्यायालयाच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचल्या जातात.

याचा परिणाम मी एकदा जवळून पाहिला. एका तरुण मुलीचा अर्ज वाचला जात असताना तिच्या सासरच्या गावातील एक गृहस्थ झेरॉक्ससाठी उभे होते. नवऱ्याच्या आजाराबद्दल आणि मूल न होण्याबद्दल जे दोन परिच्छेद तिने अडखळत, मान खाली घालून मला सांगितले होते, ते संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी पोहोचले, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना निरोप आला की तुमच्या मुलीने आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली. समन्स निघण्यापूर्वीच समेटाची उरलीसुरली वाट बंद झाली. मुलगी मला काही बोलली नाही. पण पुढच्या भेटीत तिने अर्ज वाचू देण्यास नकार दिला, "आता नका वाचू मॅडम, कुठं सही करू ते सांगा" असे म्हणाली, आणि ज्या पद्धतीमुळे पहिल्या बाईंची हकिकत खरी राहिली होती त्याच पद्धतीने या मुलीचे तोंड बंद केले हे मला फार लागले.

दुसरी तक्रार कागदांची. चुकलेली किंवा फिकट छापली गेलेली पाने पुतण्या फेकत नसे. कोऱ्या बाजूवर झेरॉक्सची चाचणी घेण्यासाठी ती यंत्राजवळ रचून ठेवत असे. कागद महाग आहे, त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु एके दिवशी एका शेतकऱ्याला दिलेल्या सातबाऱ्याच्या प्रतीमागे मला आमच्याच पक्षकाराचे नाव, वय, गाव आणि 'शारीरिक संबंधास नकार दिल्यामुळे' इथे तुटलेले वाक्य दिसले. मी ते पान त्या शेतकऱ्याकडून मागून घेतले आणि त्यांना दुसरी प्रत काढून दिली. काकांना ते दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी तो सगळा गठ्ठा उचलून मागच्या चुलीत घातला. आता वाया गेलेली पाने तिथल्या तिथे फाडली जातात. संगणकातले जुने मसुदे मात्र पक्षकारांच्या नावानेच तसेच पडून आहेत आणि दोन्ही संगणकांना संकेतशब्द नाही. सांगूनही हे बदललेले नाही.

वाचनाबाबत मी गेल्या उन्हाळ्यात काकांशी स्पष्ट बोलले. त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्री लावून एक आडोसा केला आहे. ताडपत्रीने दिसणे थांबते, ऐकू येणे थांबत नाही. म्हणून आम्ही दोघांनी सध्या अशी व्यवस्था ठरवली आहे की कौटुंबिक प्रकरणाचा मसुदा कच्चा छापून माझ्या हातात द्यायचा, मी तो पक्षकाराला बाजूच्या मारुतीच्या देवळामागच्या ओट्यावर नेऊन हळू आवाजात वाचून दाखवायचा, दुरुस्त्या पेनाने करायच्या आणि कच्ची प्रत परत आणून त्यांच्यासमोर फाडायची. कच्च्या प्रतीचे पैसे ते घेत नाहीत. यात अर्धा तास जास्त जातो. ज्यांचे वकील सोबत थांबत नाहीत अशा पक्षकारांचे वाचन अजूनही ताडपत्रीआडच होते, आणि त्या बायकांची संख्या मोठी आहे. पक्क्या भिंतीची, दार असलेली आठ बाय आठची एक खोली एवढीच माझी मागणी आहे. ती या दुकानाने बांधावी की वकिलांनी वर्गणी काढून बांधावी, याबद्दल मी कोणाशीही बोलायला तयार आहे.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. टंकलेखन जुन्या फॉन्टमध्ये होते, त्यामुळे ई-फायलिंगसाठी किंवा मोबाइलवर मसुदा मागवला तर अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसतात; पीडीएफ करूनच मागावा. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर बॅटरी वीस मिनिटे पुरते. इंग्रजी मसुद्यात स्पेलिंगच्या चुका राहतात, तो घरूनच तयार करून न्यावा.

फारकतीच्या याचिकांसाठी मी हे दुकान थोडे मागे ठेवते. आमच्या तालुक्याला नागपूर, अमरावती किंवा अकोल्यासारखे कौटुंबिक न्यायालय नाही, त्या याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातात आणि तिथल्या कागदांचा सराव जिल्ह्याच्या ठिकाणच्या टंकलेखकांना अधिक आहे. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज आणि खावटीचे अर्ज, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली जातात आणि पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली जात असत, ते मात्र मी दुसरीकडे कुठेही करून घेणार नाही. कलमांचा हा बदल काकांनी १ जुलैच्याच आठवड्यात सगळ्या नमुन्यांत करून घेतला होता. काही ठिकाणी मला आजही जुने कलम छापलेले दिसते.

नव्याने येणाऱ्या कनिष्ठ वकिलाने सातबारा, लग्नाची पत्रिका, मुलांचे जन्मदाखले आणि आधार कार्डाच्या प्रती आधीच जमवून, पक्षकाराला सोबत घेऊन, शक्यतो पेशीच्या आदल्या दिवशी दुपारी तीननंतर जावे, कारण तेव्हा बाकावर गर्दी नसते आणि काकांना वेळ असतो. दुकान सकाळी दहाला उघडते आणि रविवारी बंद असते. मंगळवारी आठवडी बाजार भरतो आणि सगळी खेडी रस्त्यावर उतरलेली असतात. त्या दिवशी कोणत्याही बाईचा कागद तिथे वाचायला घेऊ नये.